गुडघा अडला तर कियाम सुटतो का?

मशिदीतल्या सफेच्या टोकाला, भिंतीला लागून ठेवलेल्या खुर्च्यांचं आता कुणाला नवल वाटत नाही. काही घडीच्या, काही प्लास्टिकच्या हातवाल्या, काहींना पुढे कपाळ टेकायला फळी बसवलेली. गुडघे झिजलेले, कंबर धरलेले, नुकतंच बायपास झालेले मुसल्ली तिथे बसून नमाज पढतात. खुर्च्या वाढल्या तशी कुजबुजही वाढली. कुणी म्हणतं, धर्मानेच सवलत दिली आहे, तर अडवणारे तुम्ही कोण? कुणी म्हणतं, बाजारात तासभर उभे राहणारे लोक मशिदीत शिरले की खुर्ची शोधतात.

या दोन्ही बाजू एकदा दोन व्याह्यांच्या रूपाने एकाच खोलीत आल्या. एक रत्नागिरी जिल्ह्यातले निवृत्त शिक्षक, सगळ्या पंचक्रोशीचे गुरुजी. दुसरे मिरजेचे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मिस्त्री. गुरुजींची मुलगी मिस्त्रींची सून. गुरुजींनी उजव्या गुडघ्याची वाटी बदलून घेतली, म्हणून मिस्त्री मुलाला घेऊन भेटायला आले. सोबत सांगलीचे बेदाणे. मिस्त्रींचे दोन्ही गुडघे झिजलेले, पण ऑपरेशनचं नाव काढलं की ते विषय बदलतात.

आणखी एक फरक होता, आणि पुढचा सगळा वाद त्यातूनच निघाला. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई. अरबी समुद्रावरच्या जुन्या व्यापाराने ही परंपरा किनाऱ्याला आणली. घाटावरचे बहुतेक हनफी. नमाज एकच, वेळा त्याच पाच, फर्ज रकाती त्याच सतरा. पण शरीर साथ देईनासं झालं की काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं, याचा हिशेब दोन्हीकडे थोडा वेगळा.

असरची वेळ झाली. गुरुजी वॉकर धरून उभे राहिले, तकबीर म्हटली, उभ्यानेच सूरा पढली. रुकूसाठी कमरेतून जमेल तेवढं वाकले आणि सजद्यासाठी मागच्या खुर्चीवर टेकून मान खाली झुकवली. पुन्हा दोन्ही हातांनी वॉकर पकडून उठले. चार रकाती अशाच. मिस्त्रींनी मात्र पहिल्या तकबीरपासून सलामपर्यंत खुर्ची सोडली नाही.

"समधीसाहेब," नमाज आटोपल्यावर मिस्त्री म्हणाले, "अजून टाके ओले आहेत. हे चार चार वेळा उठणं-बसणं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"गुडघा दुमडत नाही, म्हणून सजदा सुटला. उभं तर राहता येतंय ना? मग कियाम का सोडू?"

"कारण सजदाच नाही तर कियाम कशासाठी? उभं राहायचं ते सजद्यात जाण्यासाठी. तोच गेला तर उभं राहण्याची सक्ती उरत नाही. आमच्याकडे तर अशा माणसाने बसून इशाऱ्याने पढणंच चांगलं मानतात."

"तुमच्याकडे," गुरुजी म्हणाले. "आमच्याकडे प्रत्येक रुक्न स्वतंत्र आहे. बसचा एक गिअर पडेना झाला तर तुम्ही ब्रेक लावणंही सोडत होता का?"

"गिअर गेलेली बस आम्ही डेपोतून बाहेरच काढत नव्हतो!"

दोघांच्या म्हणण्याला आधार आहे. मुळाशी हदीस एकच. इमरान बिन हुसैन या साथीदारांना मूळव्याधीचा त्रास होता. नमाज कशी पढू, असं त्यांनी प्रेषितांना विचारलं. सहीह बुखारीतल्या नोंदीप्रमाणे उत्तर तीन पायऱ्यांचं मिळालं: उभ्याने, ते जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर. जमत नसेल म्हणजे नेमकं काय, आणि एक गोष्ट जमत नसली तर दुसरीचं काय, हे उलगडण्यात पुढच्या फकीहांनी शतकं घालवली. शाफई, मालिकी आणि हंबली परंपरांनी कियाम स्वतंत्र धरला: वाकता येत नसेल तर वाकण्यापुरता इशारा करा, उभं राहता येतंय तोवर उभे राहा. हनफी परंपरेने कियामाला सजद्याशी बांधलं. अलीकडे मात्र हनफी मुफ्तींमध्येही एक मत असं आहे की, सजदा जमत नसला तरी उभं राहता येत असेल तर उभं राहण्यातच सावधपणा आहे.

हे मिस्त्रींच्या कानावर होतं. "पण सावधपणा म्हणजे सक्ती नाही," ते म्हणाले.

गुरुजी निघाले दुसऱ्या अंगाने. "बरं, तुमचीच परंपरा घेऊ. मिरजेत रोज सकाळी दूध आणायला कोण जातं? मशिदीच्या पायऱ्या कोण चढतं? आणि आत गेल्यावर खुर्ची!"

"सरळ रस्त्यावर चालणं वेगळं आणि जमिनीवरून उठणं वेगळं, समधीसाहेब. दूध आणताना मला चौतीस वेळा कपाळ जमिनीला टेकवावं लागत नाही."

आकडा बरोबर होता. सतरा फर्ज रकाती, प्रत्येकीत दोन सजदे. सुन्नत आणि नफल धरल्या तर आकडा आणखी वाढतो. सजद्यात कपाळ आणि नाक, दोन्ही तळहात, दोन्ही गुडघे आणि दोन्ही पायांची बोटं जमिनीला लागायला हवीत. मग पोटऱ्यांवर बसायचं तर गुडघा साधारण 140-150 अंशांपर्यंत दुमडावा लागतो. बदललेला गुडघा बहुतेकांचा 110 ते 120 अंशांच्या आसपास थांबतो. खुबा बदललेल्यांना तर सुरुवातीचे काही महिने मांडी पोटाकडे 90 अंशांपलीकडे आणू नका, असं अनेकदा बजावलेलं असतं. नाहीतर सांधा निखळण्याची भीती. बायपास झालेल्याचं दुखणं आणखी वेगळं. त्याचे गुडघे धड असतात, पण छातीचं हाड सांधेपर्यंत हातांवर भार देऊन उठायला बंदी असते. तिघेही खुर्चीवर दिसतात. तिघांची अडचण मात्र एक नाही.

"तेच तर मी म्हणतोय," गुरुजी म्हणाले. "खुर्ची हे सगळ्या दुखण्यांवरचं एकच औषध झालंय. ज्याला उभं राहिलं की चक्कर येते, पण खाली बसून सजदा करता येतो, त्याने काय करायचं?"

मिस्त्री थांबले. हा मुद्दा त्यांच्या बाजूचा नव्हता. हनफी असो की शाफई, जमिनीवर सजदा करता येत असेल तर खुर्चीत बसून मान झुकवल्याने तो अदा होत नाही. अशा माणसाने जमिनीवर बसून नमाज पढायची आणि सजदा खराखुरा करायचा. मांडी घालून, पाय एका बाजूला काढून किंवा पुढे पसरून, जसं झेपेल तसं बसावं. सजदा जमत नाही पण जमिनीवर बसता येतं, अशांनीही खुर्चीऐवजी खालीच बसावं, असा उपखंडातल्या अनेक हनफी मुफ्तींचा आग्रह आहे.

"मान्य," मिस्त्री म्हणाले. "खाली बसलो तर मला उठवायला दोन माणसं लागतात, म्हणून मी खुर्चीवर. पण ज्याला कुणी न धरता उठता येतं, त्याने खालीच बसावं. आणि ती पुढची फळी तर मलाही पटत नाही."

फळीची गोष्ट जुनी आहे. जाबिर यांच्याकडून आलेल्या एका हदीसप्रमाणे प्रेषित एका आजारी माणसाला भेटायला गेले, तेव्हा तो उशीवर कपाळ टेकवत होता. त्यांनी ती उशी बाजूला केली आणि सांगितलं की, जमलं तर जमिनीवर सजदा कर, नाहीतर इशारा कर आणि सजद्याचा इशारा रुकूच्या इशाऱ्यापेक्षा खाली ठेव. म्हणून कपाळापर्यंत काहीतरी उचलून आणणं फकीहांना नापसंत आहे. खुर्चीवरच्या मुसल्लीला फळीची गरज नाही. रुकूसाठी थोडं झुकायचं, सजद्यासाठी त्याहून जास्त. एवढा फरक राखला की झालं.

इथवर दोघे बरेच जवळ आले होते. डोळ्यांचा विषय निघाला आणि पुन्हा फाटलं.

मिस्त्रींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी काही दिवस डोकं खाली घालू नका म्हणून सांगितलं होतं. मिस्त्रींनी ते तंतोतंत पाळलं. गुडघे तेव्हा बरे होते, तरी नमाज खुर्चीवरून इशाऱ्याने.

"आणि इब्ने अब्बास?" गुरुजींनी विचारलं.

अब्दुल्ला इब्ने अब्बास म्हणजे प्रेषितांचे चुलतभाऊ, कुरआनच्या पहिल्या मोठ्या भाष्यकारांपैकी एक. उतारवयात त्यांची दृष्टी गेली. जुन्या संग्रहांत अशी नोंद आहे की, डोळ्यात उतरलेलं पाणी काढून देतो, पण काही दिवस उताणं पडून राहावं लागेल आणि नमाजही तशीच पढावी लागेल, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी आयेशा आणि इतर काही साथीदारांना विचारलं. होकार मिळाला नाही. त्यांनी उपचार सोडला.

"एवढा मोठा माणूस," गुरुजी म्हणाले, "डोळे गेले तरी चालतील म्हणाला, कियाम-सजदा सोडला नाही. आणि आपण चार थेंब डोळ्यात घालून लगेच खुर्ची मागतो."

"तुमच्याच इमाम नववींनी पुढे काय लिहिलंय?" मिस्त्री तयारीत होते. "मी मुफ्तीसाहेबांना विचारूनच ऑपरेशनला गेलो होतो."

गुरुजींना ते माहीत होतं. म्हणूनच ते गप्प बसले. तेराव्या शतकात सीरियात होऊन गेलेले नववी हे शाफई परंपरेतल्या सर्वात वजनदार नावांपैकी एक. त्यांनी नेमकं हेच उदाहरण घेतलं: उभं राहण्याची ताकद असलेल्या माणसाला डोळ्याचं दुखणं आहे आणि भरवशाचा वैद्य म्हणतो की उताणं पडून नमाज पढलीस तर इलाज होईल, तर त्याला कियाम सोडायला मुभा आहे. सतराव्या शतकातले दमास्कसचे हनफी पंडित हस्कफी यांच्या ग्रंथातही डोळ्यातलं पाणी काढलेल्या रुग्णाला पडून इशाऱ्याने पढायची परवानगी आहे. कारण असं दिलं आहे की, जिवाला जसा मान, तसाच अवयवालाही. इब्ने अब्बासांची निवड आदराने सांगितली गेली, पण तिचा नियम झाला नाही.

"मग अट बघा," गुरुजींना त्यातही धागा सापडला. "भरवशाचा वैद्य. ठरावीक आजार. ठरावीक आसन. नववींनी सरसकट सूट दिलेली नाही. तुम्हाला डोकं खाली घालायची बंदी होती. उभं राहायची होती का?"

"नव्हती."

"मग उभं राहून इशारा करायचा होता!"

"आमच्यात सजदा सुटला की..."

"कळलं, कळलं," गुरुजींनी हात वर केला. दोघेही हसले.

पण गुरुजींनी नकळत वादाचं मूळ उघडं केलं होतं. या सगळ्या मसाइलमध्ये "आजारी आहे, सूट आहे" एवढ्यावर कुणी थांबत नाही. प्रश्न दर वेळी आसनागणिक विचारला जातो. रेटिनाच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला असेल तर काही रुग्णांना दिवसचे दिवस चेहरा खाली ठेवावा लागतो. तिथे झुकणं चालतं, मान वर धरून उभं राहणं अडतं. काचबिंदू असलेल्याने डोकं फार वेळ खाली ठेवलं तर डोळ्यातला दाब वाढतो. कानातल्या दोषामुळे भोवळ येणाऱ्याला उभं राहता येतं, बसताही येतं. पण सजद्यात जाताना आणि उठताना मान हलते आणि खोली फिरू लागते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याचं उलटं: सजदा ठीक, पण त्यातून झटकन उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. कोकणातल्या माणसाला यातलं एक जुनं उदाहरण विशेष जवळचं वाटेल. होडीत उभं राहिल्याने बुडण्याची किंवा डोकं गरगरण्याची भीती असेल तर बसून पढावं, असं शाफई ग्रंथांत लिहिलेलं आहे. म्हणजे पाय शाबूत असले तरी "जमत नाही" हे खरं असू शकतं.

पूर्ण अंथरूण धरलेल्याचं काय, याबद्दल मिस्त्रींनी आपल्या आईची आठवण सांगितली. खुब्याचं हाड मोडलं होतं, कूस बदलायची नव्हती. मिस्त्रींनी खाट फिरवली, आईचे पाय पश्चिमेकडे केले, पाठीमागे दोन उशा लावून चेहरा किब्ल्याकडे येईल असा उंच केला, आणि पाय थेट किब्ल्याकडे पसरू नयेत म्हणून गुडघ्यांखाली लोड ठेवला. भेटायला आलेली मावशी दारातच ओरडली: काब्याकडे पाय केले बाईचे!

"बरोबर होतं तुमचं," गुरुजी म्हणाले. "हनफींमध्ये हीच पद्धत पसंत करतात. आमच्यात आधी उजवी कूस, चेहरा आणि छाती किब्ल्याकडे. कुशीवर होता येत नसेल तर मग तुमच्यासारखंच उताणं."

"खाट फिरवता आली नसती तर?"

"फिरवणारं कुणी नसेल तर तोंड असेल त्या दिशेला. दवाखान्यात सलाइन, मॉनिटर, ऑक्सिजनची नळी. ती उपटून कुणी किब्ला शोधायला सांगितलेलं नाही."

पाण्याचं आणि पाकीचंही तसंच. पाणी लावायचं नसेल तर तयम्मुम. प्लास्टर असेल तर त्यावरून ओला हात फिरवायचा. लघवीची नळी लावलेला रुग्ण माजूर, म्हणजे नाइलाज असलेला, धरला जातो, त्याने वेळ झाली की वुजू करून नमाज पढावी, पिशवी लटकत असली तरी.

मानही हलत नसेल तेव्हा मात्र दोन परंपरा पार वेगळ्या वाटांनी जातात. शाफई म्हणतात, पापण्यांनी इशारा करा, तेही जमत नसेल तर मनातल्या मनात एकेक आसन आणा. शुद्ध आहे तोवर नमाज आहे. हनफी परंपरेत डोक्याचा इशारा ही शेवटची पायरी. त्यापुढे नमाज लांबणीवर टाकली जाते. अबू हनीफांचे शिष्य इमाम जुफर यांनी डोळ्यांचा आणि मनाचा इशारा मान्य केला होता, पण फतवा त्यांच्या मतावर नाही.

"पक्षाघात झालेल्या माणसाला नमाजच नाही म्हणायचं?" गुरुजींना हे कधीच पटलेलं नाही.

"नाही कसं? त्याच्यावर बोजा नाही, एवढंच. निपचित पडलेल्या माणसाने पाच वेळा आठवून आठवून हिशेब ठेवायचा आणि एखादी चुकली म्हणून झुरायचं, हे आमच्या इमामांनी त्याच्यावर लादलं नाही. मला ती दया वाटते."

"आणि मला वाटतं, त्या माणसाजवळ तेवढंच उरलेलं असतं. तेही काढून घेता."

यावर मिस्त्रींकडे उत्तर नव्हतं. गुरुजींकडेही मिस्त्रींच्या म्हणण्याला नव्हतं.

चहा आला. मिस्त्रींनी मग मनात बरेच दिवस असलेली गोष्ट काढली. त्यांच्या मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्याला पार्किन्सन आहे. चालताना धड दिसतो. वळायची किंवा उठायची वेळ आली की पाय जमिनीला खिळतात. जमातीत कुणीतरी त्याला सगळ्यांसमोर टोकलं: चाचा, चालत येता आणि खुर्ची मागता? त्या दिवसापासून तो मशिदीत आलेला नाही.

"टोकणारा तुमच्यासारखाच असेल, समधीसाहेब. हदीस पाठ, पण समोरच्याचं दुखणं ठाऊक नाही."

गुरुजींना हे लागलं. त्यांनी कप खाली ठेवला. "मी कुणाला सफेत टोकत नाही. मी स्वतःला टोकतो. माझं भांडण त्या म्हाताऱ्याशी नाही, माझ्यासारख्यांशी आहे. ऑपरेशन झालं की तीन महिन्यांनी फिजिओथेरपिस्ट म्हणते, आता आधाराशिवाय उभे राहा, चाला. तेव्हा खुर्चीची सवय लागलेली असते. दुखणं गेलं तरी खुर्ची जात नाही."

इथे शास्त्र गुरुजींच्या बाजूने आहे, दोन्ही अर्थांनी. बसून सुरू केलेल्या नमाजेत मध्येच उभं राहण्याची ताकद आली तर उरलेली उभ्याने पूर्ण करायची, असं शाफई फकीह सांगतात. आजार कमी झाला की सूटही तेवढीच कमी. आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मांडीचे स्नायू पुन्हा कमावण्यासाठी खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायाम दिला जातोच.

पण अजर घटेल अशी भीती घालणाऱ्यांच्या बाजूने शास्त्र नाही. बसून पढणाऱ्याला अर्धं पुण्य, ही हदीस खरी आहे. ती उभं राहता येत असताना नफल बसून पढणाऱ्याबद्दल घेतली जाते. आजाऱ्याबद्दल बुखारीतच वेगळी नोंद आहे: माणूस आजारी पडला किंवा प्रवासात असला तर निरोगी असताना, घरी असताना जे करत होता, तेच त्याच्या नावे लिहिलं जातं. खुद्द प्रेषितांनी घोड्यावरून पडल्यावर बसून नमाज पढवली होती आणि शेवटच्या आजारातही. प्रेषितांच्या पत्नी उम्मे सलमा आजारी असताना त्यांना लोकांच्या मागून, वाहनावर बसून काब्याचा तवाफ करायला सांगितलं होतं. आज मक्केत व्हीलचेअरवरून तवाफ करणाऱ्या हाजींना हाच दाखला दिला जातो.

"म्हणजे त्या चाचांना तुम्ही परत आणाल?" मिस्त्रींनी विचारलं.

"मिरजेला आलो की पहिल्यांदा त्यांच्याकडे न्या," गुरुजी म्हणाले. "पण त्यांना खुर्ची सफेच्या टोकाला लावा. मध्ये लावली तर मागच्याला सजद्याला जागा उरत नाही."

मगरिबची अजान झाली. जावई आणि हे दोघे, घरातच जमात करायची ठरलं. पढवणार कोण? वयाने आणि पाठांतराने हक्क गुरुजींचा. शाफई मताप्रमाणे इशाऱ्याने सजदा करणारा इमाम धडधाकट माणसालाही चालतो. हनफी मताप्रमाणे चालत नाही, आणि जावई हनफी.

"माझ्या मागे त्याची नमाज तुमच्या हिशेबाने होणार नाही," गुरुजी म्हणाले. "त्याच्या मागे माझी दोन्ही हिशेबांनी होते. पुढे हो, बेटा."

मिस्त्रींनी आपली खुर्ची मुलाच्या मागे लावली, मागचे पाय सफेच्या रेषेवर. गुरुजींची खुर्ची तिच्याशेजारी ठेवायला गेले, तर गुरुजींनी अडवलं.

"माझी आणखी मागे सारा. मी उभा राहणार आहे. खांदे रेषेत यायला हवेत, खुर्च्या नव्हेत."

"पाय टाइल्सवर घसरतात हिचे," मिस्त्रींनी खुर्ची हलवून पाहिली. "उद्या रबरी बूट आणून बसवतो. तुम्ही दिवसातून इतक्या वेळा हिच्यावर आदळणार म्हटल्यावर."